चार ओळींचा बायोप्सी रिपोर्ट, एवढ्यावर उपचार ठरतात का?

पेठेतला_धाकटा | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझ्या वहिनीचं (वय ४६) तीन आठवड्यांपूर्वी डाव्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. स्तन ठेवला, गाठ आणि काखेतले नोड (लसग्रंथी) काढले. ऑपरेशन कोल्हापुरातच, एका छोट्या हॉस्पिटलात. नवव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट हातात आला. होता तसा लिहितो: 'डावा स्तन, गाठ. इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा, ग्रेड दोन. काखेतल्या काही नोडमध्ये मेटास्टॅसिस. क्लिनिकली पडताळावे.' खाली सही. संपलं. (म्हणजे दुधाच्या नळीतला, आजूबाजूला पसरू लागलेला कॅन्सर, आणि काखेतल्या नोडमध्येही रोग पोचलाय.)

हा कागद घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी वाचला, उलटून मागची बाजू बघितली. ती कोरीच होती. मग म्हणाले, "गाठ किती सेंटिमीटरची? कडा मोकळ्या आहेत का? काही नोड म्हणजे कितीतले किती? ईआर, पीआर, हर-टू कुठंय?" (ईआर, पीआर म्हणजे पेशींवर हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, त्यावरून हार्मोन रोखणारी गोळी चालेल का ते ठरतं. हर-टू म्हणजे पेशींवरचं एक प्रथिन, त्यावर वेगळं औषध असतं.) आमच्याकडं एकाचंही उत्तर नव्हतं. यावर मी केमो लिहिणार नाही, आधी रिपोर्ट पूर्ण करून आणा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

दादा इचलकरंजीला लूमवर असतो, त्यामुळं धावपळ माझ्याकडं. लॅबवाले म्हणतात, दिसलं ते लिहिलं. सर्जन म्हणतात, मी काढून पाठवलं, पुढचं लॅबचं. वहिनी रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता एकच विचारते, "भावजी, मला नेमकं किती झालंय?" आणि मला सांगता येत नाही.

असा रिपोर्ट चालतो का? आता काय करता येईल? कुणी यातनं गेलं असेल तर कृपया लिहा.

---

संपादक_मंडळ | सोमवार, रात्री ११:०५

धागा महत्त्वाचा आहे, चालू राहू द्या. तक्रार सांगताना हॉस्पिटल, लॅब किंवा डॉक्टरांचं नाव कृपया लिहू नका.

---

जुना_बावडेकर | सोमवार, रात्री ११:३१

घाबरू नका. माझ्या आईचा २००६ चा रिपोर्ट दोन ओळींचा होता. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं आणि आई पुढं तेरा वर्षं जगली. पूर्वी डॉक्टर हात लावून सांगायचे. आता प्रत्येक गोष्टीला वेगळी टेस्ट आणि वेगळं बिल. कागद लांबलचक असला म्हणजे उपचार चांगला असं काही नसतं.

---

गडहिंग्लजकर | मंगळवार, सकाळी ७:१०

बावडेकर काका, आईंचं वाचून बरं वाटलं. पण आमच्याकडं उलटं झालं. काकीच्या रिपोर्टात ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असं तिन्ही ठिकाणी निगेटिव्ह होतं. काकांना वाटलं, कॅन्सरच निघाला नाही. येताना पेढे घेतले, दुसऱ्या दिवशी अंबाबाईची ओटी भरली. चार दिवसांनी डॉक्टरांनी समजावलं की हा ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर आहे, गोळीचा उपयोग नाही, केमो जोरात द्यावी लागेल. काका दवाखान्याच्या पायरीवर खाली बसले.

त्याच रिपोर्टात नोडच्या पुढं ३/१२ लिहिलं होतं. आजी म्हणाली, "तीन डिसेंबरला काय हाय रं? पुढची तारीख दिलीया का?" बारातल्या तीन नोडमध्ये रोग आहे, हे तिला कळायला आठवडा गेला. रिपोर्ट पूर्ण हवा हे खरंच, पण तो माणसाला कुणीतरी समजावून पण सांगायला पाहिजे.

---

मायक्रोटोम | मंगळवार, दुपारी २:४५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गेली सोळा वर्षं हेच काम करते. धाकटे, तुमचा रिपोर्ट अपुरा आहे. निदान बरोबर असेलही, पण निदान हा पहिला प्रश्न झाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये उपचार ठरतात ते पुढच्या प्रश्नांवर.

गाठीचं माप घ्या. २ सेंटिमीटरपर्यंत टी-१, त्याच्या वर ५ पर्यंत टी-२, त्यापुढं टी-३. नोडचं तसंच. एक ते तीन नोडमध्ये रोग असेल तर एन-१, चार ते नऊ असतील तर एन-२, दहापासून पुढं एन-३. म्हणजे तीन आणि चार यांच्यात टप्पाच बदलतो. 'काही नोड' असं लिहिल्यावर तुमच्या डॉक्टरांनी कुठला टप्पा धरायचा? आणि किती तपासले तेही लिहावं लागतं. पूर्ण काख काढली असेल तर निदान दहा तरी नोड सापडावेत अशी जुनी अपेक्षा आहे. चारच तपासले आणि दोनमध्ये रोग मिळाला, तर बाकीचे कुठं गेले हा प्रश्न उरतोच.

नोड कसे शोधतात ते सांगते, कारण खरी मेहनत तिथं आहे. काखेतला भाग म्हणजे पिवळ्या चरबीचा गोळा. तो टेबलावर पसरायचा आणि चिमटीत धरून बोटांनी चाचपत जायचं. मोठा नोड घेवड्याच्या बी एवढा लागतो, लहान असला तर ज्वारीच्या दाण्याएवढा. चरबीचं कणीदार कुठलं आणि नोड कुठला हे बोटालाच कळतं. अर्धा-पाऊण तास जातो. दिवसाला चाळीस बरण्या असल्या की हात घाईला येतो, आणि घाईत लहान नोड चरबीबरोबर बादलीत जातात. हे माझ्या क्षेत्राचं दुखणं आहे, झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ग्रेडचंही थोडं. तीन गोष्टींना एक ते तीन गुण देतात: पेशी अजून नळ्या करतात का, केंद्रकं किती बेढब आहेत, आणि पेशी विभागणीचा वेग किती. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड एक, ६-७ ला दोन, ८-९ ला तीन. गुण लिहिलेले असले की तो मोजून दिलाय हे कळतं. बरेच नातेवाईक 'ग्रेड तीन' वाचून 'तिसरी स्टेज' समजतात. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव, स्टेज म्हणजे रोगाचा पसारा.

आता तुम्ही काय करायचं. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये असतात, ते मागा. रिव्ह्यूसाठी मागायचा तुम्हाला अधिकार आहे. त्याहून आधी, आजच्या आज विचारा की उरलेला ओला नमुना ठेवलाय का. बहुतेक लॅब तो काही आठवडे ठेवतात आणि मग टाकून देतात. तो असेल तर माप आणि नोड अजून मिळू शकतात. उद्यावर टाकू नका.

---

पेठेतला_धाकटा | मंगळवार, दुपारी ३:०२

डॉक्टर, आत्ताच निघतो.

---

टाका_दोरा | मंगळवार, रात्री ९:२०

मी जनरल सर्जन, जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. मायक्रोटोम मॅडमचं पटलं, फक्त लॅबला एकटं धरू नये. अर्धा रिपोर्ट आमच्या ऑपरेशन थिएटरात बिघडतो.

काढलेल्या भागाची वरची बाजू कुठली, बाहेरची कुठली हे आम्ही दोऱ्यानं खूण करून द्यायचं असतं. आखूड दोरा वर, लांब दोरा बाहेर, एवढं साधं. तेवढं केलं की लॅबला प्रत्येक कडेला शाई लावता येते, आणि शाईपर्यंत रोग पोचलाय का ते सूक्ष्मदर्शकात दिसतं. दोरा नसेल तर तो नुसता मांसाचा गोळा. कडेला रोग सापडला तरी परत उघडताना कुठल्या बाजूला जायचं ते कळत नाही.

तीच गोष्ट फॉर्मची. मी सुरुवातीला 'लम्प, लेफ्ट ब्रेस्ट' एवढंच लिहायचो. एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टनी एकदा फोन करून विचारलं, "आधी केमो दिलीय का? सोनोग्राफीत काय होतं? पेशंटचं वय तरी सांगा." लाज वाटली. तेव्हापासून फॉर्म मी स्वतः भरतो, सिस्टरांवर सोडत नाही.

---

मायक्रोटोम | मंगळवार, रात्री ९:४८

टाका_दोरा सर, मनापासून आभार. हे सर्जननं लिहिलं म्हणून त्याला वजन येईल.

फॉर्मेलिनचंही (नमुना टिकवायचं द्रव) सांगून टाकते. भाग निघाला की तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे. पुढं किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास. फॉर्मेलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. म्हणून अख्खा स्तन न चिरता बरणीत घातला तर वरचा थर टिकतो आणि मधली गाठ, जी आम्हाला हवी असते, ती आतल्या आत खराब होते. माझ्याकडं सलाईनमध्ये तरंगत आलेले नमुने आलेत. अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेले आलेत, बाहेर काढताना निम्मा आकार बिघडलेला.

आणि असा खराब नमुना ईआरला खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. तिथं बाईचं औषध जातं.

---

आक्का_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ११:१५

हे माझंच झालं. सविस्तर सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी तेव्हा ५८ वर्षांची. गाठ लहान, ग्रेड एक, नोड सगळे स्वच्छ. पण ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह. इथल्या ऑन्कॉलॉजिस्टबाईंनी कागद पुढं मागं केला आणि म्हणाल्या, "काकू, हे जुळत नाही. इतका शांत कॅन्सर सहसा ईआर निगेटिव्ह नसतो. ब्लॉक मुंबईला दाखवून या." मी म्हटलं बाई, आता कुठं मुंबई? त्या म्हणाल्या, पुढच्या पाच-दहा वर्षांचा प्रश्न आहे.

मग मी आणि माझा भाऊ महालक्ष्मीनं गेलो. ब्लॉक म्हणजे काय ते मी पहिल्यांदा बघितलं. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर बसवलेलं पांढरं मेण, खोबऱ्याच्या वडीपेक्षा लहान, आणि मधे करड्या रंगाचा एक डाग. त्यावर पेन्सिलीनं नंबर. तो डाग माझा होता. रुमालात गुंडाळून ब्लाउजच्या आत ठेवला आणि रात्रभर झोपलो नाही. दादरला उतरून परळला टाटाला गेलो. रिव्ह्यूला दिला, थांबलो, परत आलो.

रिपोर्ट आला: ईआर भरपूर पॉझिटिव्ह, नव्वद टक्के पेशी. पीआर पण पॉझिटिव्ह. मला रोजची एक गोळी सुरू झाली, लेट्रोझोल. गुडघे दुखायचे, हाडं ठणकायची, कॅल्शियम घेतलं, पण गोळी एक दिवस चुकवली नाही. ती गोळी मला मिळणारच नव्हती, हे मनात यायचं ना.

पहिल्या लॅबवर मी राग धरत नाही. पण त्या बाईंनी 'हे जुळत नाही' म्हटलं नसतं तर?

---

टोरांटोची_कोल्हापूरकरीण | बुधवार, पहाटे ४:३०

आक्का, तुमचं 'मी गेलो' वाचून मंगळवार पेठेतली माझी आई समोर उभी राहिली.

तुम्ही लिहिलंत तेच इथं कॅनडात मोठ्या प्रमाणावर झालंय. न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळात ईआर-पीआरच्या तपासण्या चुकत राहिल्या. २००५ मध्ये एका रुग्णाची निगेटिव्ह आलेली तपासणी पुन्हा केल्यावर पॉझिटिव्ह निघाली आणि तिथून धागा उसवला. जुने नमुने टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलला पाठवून पुन्हा तपासले, तेव्हा तीनशेहून जास्त रुग्णांचे निकाल चुकीचे निघाले. त्यातल्या कित्येकींना टॅमॉक्सिफेन (ईआर पॉझिटिव्ह असलं की देतात ती गोळी) मिळायला हवं होतं, मिळालं नव्हतं. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगानं २००९ मध्ये अहवाल दिला.

श्रीमंत देश, सरकारी आरोग्यसेवा, आणि तरीही आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून कोल्हापूरला असं आणि मुंबईला तसं, एवढ्यावर हा विषय संपत नाही.

---

जुना_बावडेकर | बुधवार, सकाळी ९:०५

आक्का, तुमचा अनुभव वाचला. माझ्या आईला कुठलीही गोळी नव्हती. तिचा ईआर केला होता का, हेच मला आता माहीत नाही. कागद शोधतो.

तरी एक विचारतो. ज्याला मुंबईचं भाडंच परवडत नाही, त्यानं काय करायचं? कामाला खाडा, राहायचं कुठं, बरोबर कोण? सगळ्यांना मुंबईला जा म्हणणं सोपं आहे.

---

गडहिंग्लजकर | बुधवार, सकाळी ९:४०

काका बरोबर बोलले. आमच्या काकीला हर-टूची टेस्ट करायलाच नातेवाईक नको म्हणत होते. औषध परवडणार नाही तर टेस्ट कशाला, असं.

---

मायक्रोटोम | बुधवार, दुपारी १:३०

गडहिंग्लजकर, हा विचार फार घरांत होतो आणि तो मला नेहमी चुकीचा वाटतो. ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टू पॉझिटिव्हचं औषध, १९९८ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा इथं ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. पण २०१४ पासून भारतात त्याचं बायोसिमिलर (तसंच काम करणारं दुसऱ्या कंपनीचं औषध) मिळतंय, पुढं आणखी कंपन्या आल्या, किंमत उतरली. आधीच दार लावून घेऊ नका. आधी कळू दे, मग पैशाचं बघता येतं.

हर-टूचा निकाल वाचायचा कसा: ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर तो निकालच नव्हे, पुढं फिश नावाची तपासणी करावी लागते. २+ वर थांबलेले रिपोर्ट फायलीत पडून राहिलेले मी बघितलेत. आणि अलीकडं १+ लाही किंमत आलीय, कारण पसरलेल्या रोगात 'हर-टू लो' गटासाठी २०२२ पासून नवं औषध आहे. म्हणून नुसतं 'निगेटिव्ह' लिहिण्यापेक्षा आकडा लिहिलेला हवा.

ईआरमध्ये एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात. स्लाइडवर शेजारी निरोगी नळ्या असतील तर त्या रंगायलाच पाहिजेत. त्याही कोऱ्या राहिल्या तर टेस्ट फसलीय, पेशंट निगेटिव्ह नाही. आक्कांच्या बाबतीत असंच काही झालं असेल, स्लाइड न बघता जास्त बोलत नाही.

बावडेकर काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. रिव्ह्यूला पेशंटनं स्वतः जायलाच हवं असं नाही. ब्लॉक जातो, माणूस घरी थांबतो. आणि प्रत्येकाला मुंबई लागतही नाही. इथल्याच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला स्लाइड दाखवल्या तरी पुष्कळ चुका सापडतात. मी स्वतः अवघड स्लाइड सहकाऱ्यांना दाखवल्याशिवाय सही करत नाही.

---

लक्ष्मीपुरी_बाईकवाला | बुधवार, रात्री १०:१०

मी दोन वर्षं लॅबचे सॅम्पल गोळा करायचं काम करतो. कागल, मुरगूड, निपाणी, गारगोटी असा फेरा. रक्ताच्या ट्यूब बर्फात ठेवायच्या हे मला शिकवलंय. बायोप्सीच्या बरणीचं कुणी काही सांगितलं नाही. शनिवारी दुपारी उचललेली बरणी सोमवारी लॅबला जाते. सणाची सुट्टी आली तर मंगळवारी. आत पाणी आहे का औषध ते मी कधी बघितलं नाही.

हे वाचून आज पोटात कालवलं. मॅडम, मी काय करू शकतो ते सांगा.

---

मायक्रोटोम | बुधवार, रात्री १०:३५

दादा, तुम्ही विचारलंत यातच मोठं काम झालं. बरणी हातात घेताना एवढंच बघा: आत द्रव आहे ना, तुकडा पूर्ण बुडालाय ना, झाकण घट्ट आहे ना. नमुन्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन असावं. झाकण उघडून वास घेऊ नका, डोळ्याला आणि घशाला लागतं. लेबलवर ऑपरेशनची तारीख आणि वेळ नसेल तर तिथल्या सिस्टरकडून लिहून घ्या. लेबल बरणीवर हवं, झाकणावर नको. झाकणं टेबलावर बदलतात. आणि शनिवारच्या बरण्यांचं लॅबला सांगा, रविवारी कुणीतरी निदान चिरून तरी ठेवेल.

---

लक्ष्मीपुरी_बाईकवाला | बुधवार, रात्री १०:३८

झाकणावरच असतंय लेबल. सगळीकडं.

---

सुग्रण_शाहूपुरी | गुरुवार, सकाळी ११:००

थोडं अवांतर, माफ करा. धाकटे भाऊ, वहिनींना केमो सुरू झाली की तोंडाची चव जाते. माझ्या जावेला तांबडा रस्सा बघवत नव्हता, पण पांढरा रस्सा, तिखट अजिबात न घालता, वाटीभर जायचा. डॉक्टरांना विचारून द्या. बाहेरचं नको, घरचं ताजं.

---

टाका_दोरा | गुरुवार, दुपारी ४:१५

सुग्रण ताईंचा सल्ला केमोपर्यंत जपून ठेवा, खरंच उपयोगी आहे.

लॅब निवडताना काय बघायचं, असं एका सभासदानं मला निरोपातून विचारलं. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघा, पण नुसता शिक्का बघून थांबू नका. मान्यता तपासणीनुसार असते. रक्ताच्या तपासण्यांना असेल आणि हिस्टोपॅथॉलॉजीला (तुकड्यांच्या तपासणीला) नसेल असंही होतं. आणि रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरांची सही हवी, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलंय. महात्मा फुले योजनेत उपचार घेणार असाल तर मंजुरीला बायोप्सी रिपोर्ट लागतोच, तेव्हा तो आधीच पूर्ण असलेला बरा.

---

पेठेतला_धाकटा | रविवार, रात्री ९:५०

उशीर झाला, माफी असावी. घडलं ते सांगतो.

मंगळवारी चार वाजता लॅबला पोचलो. काउंटरवरच्या मुलानं परत तेच सांगितलं. मी म्हटलं, मला भांडायचं नाही, फक्त डॉक्टरांना भेटायचंय. आत एक वयस्कर डॉक्टर होते. मी विचारलं, "सर, ओला नमुना ठेवलाय का?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, उठले, आणि खालच्या फळीवरून अर्धा लिटरची बरणी काढली. वहिनीचं नाव झाकणावर.

त्यांनी फॉर्म दाखवला. 'लम्प, लेफ्ट ब्रेस्ट.' वय नाही, दोरा नाही. आणि बरणीचं तोंड एवढं बारीक की माझी मूठ गेली नसती. ते म्हणाले, "मीही घाई केली. दोन दिवस द्या."

शुक्रवारी नवा रिपोर्ट मिळाला, पावणेदोन पानांचा. गाठ २.६ सेंटिमीटर. ग्रेड दोन, गुण ७. आधी पाच नोड तपासले होते, दोनमध्ये रोग. उरलेल्या चरबीत आणखी सात सापडले, त्यातही दोनमध्ये. एकूण ४/१२. (आमची आई पण तारीखच समजली.) म्हणजे एन-२. पहिल्या दोनवर थांबलो असतो तर एन-१ धरून चाललो असतो.

ईआर ८० टक्के, पीआर ४० टक्के. हर-टू २+. फिशला ब्लॉक पाठवलाय.

कडांचं मात्र हातातनं गेलं. शाई न लावताच कापलं होतं, त्यामुळं 'कडांबद्दल खात्रीनं सांगता येत नाही' असं त्यांनी सरळ लिहून दिलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सर्जनला फोन लावला, दोघं बोलले. वहिनीला परत टेबलावर घ्यायचं ठरलंय. जिथनं गाठ काढली तिथल्या कडा पुन्हा काढणार. एका दोऱ्यासाठी आणि चार थेंब शाईसाठी दुसरं ऑपरेशन. मी चिडून काहीबाही बोललो. वहिनीच म्हणाली, "जाऊ दे भावजी, आता कळलं तरी."

---

आक्का_राजारामपुरी | रविवार, रात्री १०:२०

पोरा, तुझ्या वहिनीला माझा फोन नंबर निरोपातनं देतो. रात्री झोप लागली नाही तर लावू दे. मी जागीच असतो.

---

जुना_बावडेकर | सोमवार, सकाळी ८:३०

आईची फाईल सापडली. माळ्यावर ट्रंकेत होती. ईआर केलेलाच नव्हता. तेरा वर्षं मिळाली ती नशिबानं. माझ्या बहिणीला आणि पुतणीला आता तपासायला नेणार आहे. पहिल्या दिवशी मी जे लिहिलं ते मागं घेतो.

---

टाका_दोरा | सोमवार, दुपारी २:००

बावडेकर, बहिणीची सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी करून घ्या. गाठ आढळली तर सुईनं नुसतं पाणी किंवा पेशी काढण्यावर (एफएनएसी) थांबू नका, ट्रू-कट बायोप्सी करा, म्हणजे जाड सुईनं तुकडा काढायचा. एफएनएसीत कॅन्सर आहे हे कळतं, पण तो पसरणारा आहे की नळीतच अडकलेला, ते कळत नाही. ट्रू-कटच्या तुकड्यावर ईआर, हर-टू ऑपरेशनआधीच होतं, आणि बारीक तुकड्यात फॉर्मेलिन पटकन शिरतं.

---

पेठेतला_धाकटा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतो. दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी सर्जननी स्वतः दोरे लावले, बरणी रुंद तोंडाची, वेळ लिहिलेली. बरणी न्यायला नेमका आपला लक्ष्मीपुरी_बाईकवाला आला होता, ओळख तिथं पटली! कडांमध्ये रोग नाही. फिश निगेटिव्ह. पहिली केमो गेल्या गुरुवारी झाली, पांढरा रस्सा वाटीभर गेला. केमो, मग शेक, मग गोळी, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. वहिनीनं तो देवघरात लावलाय.

एक शेवटची शंका. ब्लॉक परत मिळालेत, नऊ आहेत. ते कुठं ठेवायचे? फ्रिजमध्ये?

---

मायक्रोटोम | शनिवार, संध्याकाळी ७:१५

फ्रिज नको. घरातल्या थंड, कोरड्या जागी, उन्हापासून लांब. गाडीच्या डिकीत विसरू नका, मेण मऊ पडतं. उंदरा-मुंग्यांपासून जपून ठेवा. कापलेल्या स्लाइड जुन्या झाल्या की नवीन तपासणीला तितक्या विश्वासाच्या राहत नाहीत, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो.

---

आक्का_राजारामपुरी | शनिवार, रात्री ८:००

माझे दोन्ही लोखंडी कपाटात आहेत, पाटल्यांच्या डबीशेजारी. सुनेला किल्ली कुठं ते सांगून ठेवलंय.